क्लॅरोनेटवाल्याचे पुढचे चार दात

तोंडातला एकेक दात गेला की तिथली मोकळी जागा किश्शांनी भरते, असा माझा अनुभव आहे. आम्हा चौघांत मिळून सध्या एक्केचाळीस दात उरलेत, आणि किस्से मात्र रोज एक या वेगानं वाढतायत. दात कमी झाल्यामुळे ते सांगताना थोडी थुंकी उडते, तेवढी सांभाळून घ्या!

चौघं म्हणजे एकाच तमाशा फडातून बाहेर पडलेली मंडळी. फड बंद पडून बरीच वर्षं झाली. धोंडूतात्या आमचा सोंगाड्या. गवळणीतली मावशी तोच करायचा. दातांना काळं फासून असा काही बोळक्या तोंडाचा व्हायचा, की पब्लिक लोळायचं. आता काळं फासायला दातच नाहीत आणि हसायला पब्लिकही नाही. कौसाबाई आमच्या गायिका. त्या अजूनही गातात, फक्त पदर तोंडाशी धरून. विष्णूअण्णा क्लॅरोनेटवाले. आणि मी फडाचा मॅनेजर.

त्या तिघांना वृद्ध कलावंत म्हणून सरकारी मानधन मिळतं. मला नाही, कारण मॅनेजर हा कलावंत नसतो असं कमिटीचं मत पडलं. ट्रक पंक्चर होऊन संगमनेरला उभा असताना यात्रेच्या पंचांना फोनवर "निघालो, आलोच, आता घाटात आहोत" असं चार तास पटवत राहायचं, ही कला नव्हे! म्हणून ते तिघं कलावंत आणि मी निराधार. योजनेचं नावच तसं आहे, माझा इलाज नाही.

दोन्हीकडची रक्कम अशी, की ती किराणा आणि बीपीच्या गोळ्यांच्या मधेच कुठंतरी बसून घेते. दातांपर्यंत पोचतच नाही.

नारायणगावात हायवेच्या कडेला तमाशाच्या राहुट्या पडतात, त्यांच्या समोरच्या टपरीवर आम्ही रोज सकाळी बसतो. तिथूनच सगळं सुरू झालं.

*

वारूळवाडीच्या एका मंगल कार्यालयात मोफत दंत शिबिर होतं. एका भाऊंचा वाढदिवस होता. कोणते भाऊ ते विचारू नका, आमच्याकडे दर किलोमीटरला एक भाऊ आहे. फ्लेक्सवर भाऊ असे हसत होते, की बत्तीसच्या बत्तीस मोजून घ्यावेत.

अण्णांचे वरचे पुढचे दोन दात हलत होते. पन्नास वर्षांची मशेरी, दुसरं काय. नुसतं दाखवू म्हणून ते रांगेत बसले. डॉक्टरनं आ करा म्हटलं, टॉर्च मारली, सुई टोचली आणि अर्ध्या तासात चार दात ट्रेमध्ये!

"डॉक्टर, हलत तर दोनच व्हते की," मी म्हणालो.

"शेजारचे दोन पण गेल्यातच जमा होते काका," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या माणसाला आ करायला सांगितलं.

बाहेर पडताना प्रत्येकाला भाऊंचा फोटो छापलेली पिशवी मिळाली. पिशवीत एक टूथपेस्ट आणि एक ब्रश! अण्णांच्या तोंडात कापूस, बोलता येईना. त्यांनी ब्रश वर धरून आमच्याकडे नुसतं बघितलं.

तात्या म्हणाला, "ठिवा अण्णा. भाऊंच्या फ्लेक्सवर फिरवा!"

तेवढ्यात फोटोग्राफर आला. भाऊ मधे, पेशंट दोन्ही बाजूंना. "आजोबा, जरा हसा की!" अण्णा कापसासकट हसले. तो फोटो अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय.

आठवड्यानं मी भाऊंच्या ऑफिसात गेलो. म्हटलं, काढले तुम्ही, बसवायचं काय? कार्यकर्ता चांगला होता, त्यानं चहा पाजला. म्हणाला, "मॅनेजर, ह्या वर्साला काढायचा कार्यक्रम व्हता. बसवायचं फुडच्या वाडदिवसाला घिऊ."

मला त्या दिवशी खरंच राग आला. कारण अण्णांची गोष्ट साध्या दातांची नव्हती. क्लॅरोनेट तोंडात धरलं की त्याची वरची बाजू पुढच्या दातांवर टेकते. तिथं दात नसतील तर ते घसरतं आणि सुराच्या जागी वारा बाहेर येतो. फड सुटल्यावर अण्णा राजुरीकडच्या एका बँडमध्ये लग्नात वाजवायचे. बायको जाऊन सात वर्षं झालेली, पोरगी सासरी. घरात ते आणि क्लॅरोनेट. बँडच्या मालकानं सांगून टाकलं होतं, "अण्णा, तुळशीच्या लग्नापतूर दात आणा. न्हाईतर मला दुसरा मानूस बघावा लागंल."

म्हणजे हातात पाच महिने होते.

*

आमच्याकडे मोफत उपचारांचं पाच लाखांचं कार्ड आहे. तुमच्याकडेही असेल. कौसाबाई अण्णांना घेऊन हॉस्पिटलात गेल्या आणि काउंटरवरच्या मुलीपुढे कार्ड ठेवलं.

"दात यात बसत नाहीत आजी."

"मंग काय बसतंय?"

"हार्ट बसतं, किडनी बसते, मेंदूचं ऑपरेशन बसतं."

कौसाबाईंनी पदर तोंडावरून काढला. त्या पदर काढतात तेव्हा समजावं, आता खरं गाणं सुरू होणार. "बाई गं, हार्ट चालू ठिवायला पोटात काय घालावं लागतंय का न्हाई? का त्ये बी तुमी परस्पर छातीतनं भरणार?"

मुलगी हसली, रांगेतले सगळे हसले. दात तेवढे मिळाले नाहीत. येताना एसटीत तात्या अण्णांना म्हणाला, "तुमी एक काम करा. एखादा बारका अ‍ॅटॅक येऊ द्या. आत ऑपरेशन चालू असताना म्या डॉक्टरला हळूच सांगतो, आलायसाच हितवर तर दात बी बघा!"

*

मग कोणीतरी सांगितलं, अपंगाचा दाखला काढा, त्यावर सवलती असतात. ठरलेल्या वारी आम्ही डॉक्टरांच्या बोर्डापुढे जाऊन उभे राहिलो. डॉक्टरनं अण्णांचे हात बघितले, पाय बघितले, डोळ्यांपुढे बोटं नाचवली.

"तुम्हाला काय झालंय?"

अण्णांनी ओठ वर करून दाखवला.

"अहो, दात म्हणजे काही अपंगत्व नाही!"

"सायेब, म्या क्लॅरोनेटवाला हाये."

"मग?"

 अण्णांनी हवेतच क्लॅरोनेट धरून बोटं फिरवून दाखवली. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, अपंगत्व शून्य टक्के. खाली सही, शिक्का.

तात्यानं तो कागद दोनदा वाचला. "अण्णा, फ्रेम करा राव! शाळेत कधी पास झाला नाय, हितं सरकारनं शंभर टक्के धडधाकट म्हनून लिवून दिलंय!"

*

नारायणगावातली दातांची डॉक्टरीणबाई मनानं चांगली आहे, हे आधीच सांगतो. क्लिनिकला एसी आहे, आत शिरताना चप्पल काढावी लागते आणि सोफा असा आहे, की त्यावर बसल्यावर आपल्याला परवडणार नाही हे आपोआप कळतं.

बाईंनी कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. हाडात स्क्रू, स्क्रूवर दात, आयुष्यभर बघायला नको. मी आकडा विचारला. ऐकून म्हटलं, चार दातांना जरा जास्त होतात हो.

"काका, हा एका दाताचा आहे."

  मग तात्या म्हणाला, "ह्येवढ्यात आमचा अख्खा फड तुमच्या अंगणात तीन दिस नाचला असता."

"हप्ते करता येतील ना," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं."

"आन् हप्ता थकला तर?" तात्यानं विचारलं. "ट्रॅक्टर वडून नेत्यात तसं फायनान्सवाली पोरं येऊन दात वडून नेनार का? का अण्णालाच नेऊन गोडाऊनला उबं करनार?"

बाई इतक्या हसल्या, की त्यांनी मास्क काढला. फी घेतली नाही. एका चिठ्ठीवर पुण्यातल्या एका डेंटल कॉलेजचा पत्ता लिहून दिला. म्हणाल्या, तिथं विद्यार्थी करतात, खूप कमीत होतं, फक्त वेळ लागतो. वेळ आमच्याकडे भरपूर होता. पण पुणं म्हटल्यावर अण्णा घाबरले आणि ती चिठ्ठी दोन महिने माझ्या खिशात राहिली.

*

दरम्यान तात्यानं स्वतःचा प्रश्न सोडवून टाकला. आठवडे बाजारात एक माणूस चादर अंथरून रेडिमेड कवळ्या विकायला बसला होता. चपला बघाव्यात तशा तात्यानं चार-पाच घालून बघितल्या. त्यातली सगळ्यांत पांढरी आणि सगळ्यांत मोठी निवडली. भाव करून वर आरसा फुकट मागितला.

कवळी घातली की तात्याचे ओठ मिटेनात. दिवसभर चेहरा हसरा! पहिल्या दिवशी सुनेला वाटलं, सासऱ्यांना लॉटरी लागली. दुसऱ्या दिवशी एका ओळखीच्याचा दहावा होता, नदीवर सगळी मंडळी गंभीर उभी आणि तात्या मधोमध बत्तीशी दाखवत. गेलेल्याचा भाऊ माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मॅनेजर, आमचं पटत नव्हतं खरं, पर आजच्या दिस तरी त्याला हसू नका म्हनावं."

मी तात्याला बाजूला घेतलं. तात्या रडकुंडीला आला होता, पण दिसत हसतच होता. म्हणाला, "राव, चाळीस वर्सं लोकान्ला हसवलं. आता माजंच मला बंद करता येईना!"

नदीवरून येताना त्यानं कवळी काढून अण्णांपुढे धरली. "घ्या, तुमाला वाजवायला व्हईल." अण्णा दोन पावलं मागे सरकले.

*

याच सुमारास मानधनाच्या ऑफिसातून पत्र आलं. खरे कलावंत कोण आणि खोटे कोण, याची पडताळणी. येताना वाद्य घेऊन यावे.

साहेब नवीन होते, तरुण होते. अण्णांना म्हणाले, "काय वाजवता? वाजवून दाखवा."

अण्णांनी पेटीतून क्लॅरोनेट काढलं, जोडलं, फुंकायची पत्ती ओली केली. डोळे मिटून फुंक मारली. नुसता वारा! पुन्हा मारली. पुन्हा तेच. सत्तरी ओलांडलेला माणूस, ज्याच्या एका सुरावर आम्ही कनातीबाहेरची माणसं आत ओढलीत, तो घामानं भिजून गेला.

"यांना तर वाजवताच येत नाही," साहेब क्लार्ककडे बघून म्हणाले.

माझं डोकं फिरलं. म्हणालो, "साहेब, तुम्ही रिटायर व्हाल तेव्हा पेन्शन सुरू करायच्या आधी तुम्हाला म्हणणार आहेत का, की एक फाइल अडवून दाखवा?"

कौसाबाई माझा शर्ट ओढत राहिल्या, पण उशीर झाला होता. साहेबांनी ती कला मला तिथंच दाखवली. अण्णांचं मानधन बंद झालं. वाजवून दाखवा आणि सुरू करून घ्या, असा शेरा पडला.

*

आता अण्णा ना बँडमध्ये, ना कलावंतांत. टपरीवर येऊन चहा न घेताच बसायचे. मी ती चिठ्ठी बाहेर काढली. "आता तरी पुण्याला चला."

"आधी ओझरला," अण्णा म्हणाले. फडाची रीतच तशी. नवी ढोलकी असो, नवा ट्रक असो, आधी विघ्नहराच्या पायाशी, मग रस्त्यावर.

गाभाऱ्यापुढे अण्णा हात जोडून उभे राहिले ते हलेचनात. मागची रांग कुरकुरायला लागली. शेवटी कौसाबाईंनी विचारलं, "काय मागताय येवडं?"

"दात."

कौसाबाईंनी आत मूर्तीकडे बघितलं, मग अण्णांकडे. "अवो, त्याचा सोताचा एक तुटलाय तो अजून बसवला न्हाई त्यानं. तुमचे कवा बसवायचा?"

अण्णा इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तोंड उघडून हसले. देवळात, सगळ्यांसमोर, चार दातांची खिडकी सताड उघडी टाकून.

*

डेंटल कॉलेजला अकरा हेलपाटे झाले. सोबत दर वेळी मी आणि तात्या. तात्याचं वय पंचाहत्तरच्या पुढं, एसटी फुकट. त्यामुळे तो म्हणायचा, "दात त्याचे, टूर माजी!"

अण्णांचं तोंड म्हणजे शिकायला उत्तम, असं तिथल्या सरांचं मत पडलं. खुर्चीभोवती वीस-पंचवीस मुलंमुली वाकून उभी. सर काडीनं दाखवतायत, पोरं लिहून घेतायत. तात्या दारात उभा राहून ओरडला, "फुडचे खाली बसा रं, मागच्यान्ला दिसू द्या!" सरांनी त्याला बाहेर काढलं. पण अण्णा खूश होते. एवढं मन लावून बघणारं पब्लिक फडातसुद्धा मिळालं नव्हतं.

केस मिळाली गायत्री नावाच्या मुलीला. लातूरकडची, शेवटच्या वर्षाला. मापाचा गोळा तोंडात भरताना अण्णांपेक्षा तीच मोठा आ करायची. तिसऱ्या खेपेला तिनं विचारलं, "आजोबा, तुम्हाला दात कशासाठी हवेत?"

शिबिर झालं, काउंटर झालं, बोर्ड झाला, ऑफिस झालं. हा प्रश्न तोवर कोणीच विचारला नव्हता. 

पुढच्या खेपेला अण्णा क्लॅरोनेट घेऊन गेले. तिनं ते त्यांच्या तोंडात धरायला लावून पट्टीनं मापं घेतली, सरांशी बोलली आणि पडेल चेहऱ्यानं परत आली. म्हणाली, "आजोबा, तुमच्या मागच्या दाढा आधीच गेल्यात. क्लॅरोनेटच्या मापानं दात बसवले तर ते पुढे येतील, खालच्यांना टेकणार नाहीत. ते घालून जेवलात तर दातांची प्लेट तुटेल. आणि जेवणाच्या मापानं बसवले तर वाजवता येणार नाही. एका पेशंटला एकच प्लेट मिळते. विचार करून मंगळवारी सांगा."

तीन दिवस टपरीवर दुसरा विषय नव्हता. तात्या म्हणाला, "खायचंच घ्या! माजं ऐका. चार वर्सं झाली मला भाकर चावून. पान्यात बुडवून गिळतो. वाजवाया काय, दुनिया पडलीया!" कौसाबाई म्हणाल्या, "वय झालं अण्णा. आता आतड्यांकडं बगा." मीसुद्धा खायच्याच बाजूनं होतो. अण्णांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मंगळवारी आम्हाला खाली बसवून ते एकटेच वर गेले, आणि काय सांगून आले ते त्यांनी सांगितलं नाही.

*

तुळशीचं लग्न झालं आणि पुढच्याच आठवड्यात राजुरीत एक मोठं लग्न निघालं. आम्हाला आमंत्रण नव्हतं. पण लग्नात आत शिरायला मॅनेजरला आमंत्रण लागत नाही, ही माझी दुसरी कला!

नवरदेव देवाला निघाला आणि बँड सुरू झाला. लाल कोट, डोक्यावर टोपी, आणि सगळ्यांत पुढे अण्णा! पहिला सूर लागला तसा तात्यानं माझा हात घट्ट धरला. गवळणीची चाल होती. त्या चालीवर तात्या आयुष्यभर मावशी होऊन नाचला होता. भर रस्त्यात त्यानं माझं उपरणं ओढून डोक्यावर पदर घेतला आणि नाचायला लागला. पोरं मोबाईल काढून धावली. कौसाबाई बाजूला उभ्या राहून डोळे पुसत होत्या, आणि पदर तोंडावर नव्हता. अण्णा दोन तास वाजवत होते. एकही सूर घसरला नाही.

बँडवाल्यांची पंगत शेवटची. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. ताट समोर आलं तसं अण्णांनी खिशातून रुमाल काढला. तोंडातले चार दात काढले, पुसले, रुमालात गुंडाळले आणि क्लॅरोनेटच्या पेटीत नीट ठेवून दिले. मग जिलेबी मठ्ठ्यात बुडवून बोटांनी कुस्करायला लागले.

वाढायला नवरदेवाची आत्या होती. ती पळी हातात धरून बघतच राहिली. "अवो बाबा! सारी दुन्या जेवाया दात घालती आन् तुमी काढून ठिवताय?"

अण्णांनी घास गिळला. म्हणाले, "त्ये फकस्त वाजवाया येत्यात बाई. जेवाया म्या एकलाच असतो."